मालोजीच्या दारातलं गाऱ्हाणं

वर्षातून एकदाच ऋतिकाचा बाप माणसात यायचा, तो शिमग्याला.

कापड्याच्या वर डोंगरात त्यांची वाडी. होळी पेटली की भैरीदेवाची पालखी देवळातून बाहेर पडायची आणि घरोघर नाचत फिरायची. तिला खांदा देणाऱ्यानं तेवढे दिवस दारूला शिवायचं नाही, हा वाडीचा नेम. आणि मालोजी म्हणजे पालखीचा पहिला खांदा. असा नाचवायचा की आतले चांदीचे मुखवटे गदागदा हसतायत असं वाटायचं. मुंबईकर मोबाइल वर धरून शूटिंग करायचे. बाया म्हणायच्या, "काय अंगात हाय गो ह्याच्या!"

अंगात काय होतं ते ऋतिकाला विचारायचं. एरवी महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं पाळीला जाणारा, परत येताना पोलादपूरला उतरून गुत्त्यावर बसणारा, आणि घरात आधी शिवी टाकून मग पाय टाकणारा हा माणूस. शिमग्यात मात्र हाक मारायचा, "बाय गो, वाईच पाणी दे." वाईच पाणी! एरवी तांब्या फेकून मारायचा.

ऋतिका तेरा वर्षांची. अंगानं काटकुळी, डोळे मात्र सगळीकडं. कुणाच्या कोंबडीनं कुणाच्या पेंढ्यात अंडं घातलंय, कुठल्या मुंबईकराच्या बुटाला आतून कागद कोंबलाय, सगळं तिला दिसायचं. आणि दिसलं की तिला त्याची नक्कल आलीच पाहिजे. कापड्याच्या शाळेतल्या बाई, एसटीचा कंडक्टर, शेजारची चंद्राआजी नाकात तपकीर ओढताना, सगळी माणसं तिच्या तोंडात राहायला होती. सातवीतनं बापानं शाळा सोडवली तेव्हा बाई घरी आल्या होत्या. बाप दाराआड उभा राहून आतल्या आत गुरगुरला आणि ऋतिकानंच पुढं होऊन सांगितलं, "बाई, मला आवडत नाय शाळा." खोटं बोलताना तिनं बाईंचाच आवाज काढला होता. बाई रागावून गेल्या.

आय होती तोवर मार दोघींत वाटला जायचा. जास्त वाटा आयचा. बाप घोरायला लागला की ऋतिका चुलीपुढं उभी राहायची आणि बापाची नक्कल करायची: तोल सावरत उंबरा कसा शोधतो, चप्पल काढताना भिंतीलाच नमस्कार कसा करतो. आय तोंडात पदर कोंबून हसायची. ओठ फुटलेला असला की हसताना दुखायचं. मग "गप गो मेले, दुखतंय" म्हणत आणखीन हसायची. अनुपमा तिचं नाव. वाडीत एवढं शहरी नाव दुसऱ्या कुठल्या बाईचं नव्हतं.

मागच्याच्या मागच्या पावसात आयच्या पोटात दुखायला लागलं. चिखलात जीप वर चढेना. तिला डोलीत घालून खाली आणली, तिथनं महाडला नेली. ती परत आली ती चादरीत गुंडाळून. तेव्हापासून मार वाटून घ्यायला कुणी उरलं नाही, आणि नकलेला हसायलाही कुणी नाही. उरली फक्त टिकली. टिकली म्हणजे शेळी, काळी कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा ठिपका. आयनं ती करडू असताना आणलेली. स्वभाव ऋतिकासारखाच: उजव्या बाजूनं कुणी दूध काढायला बसलं की लाथ. ऋतिका डावीकडनं बसायची आणि दूध काढता काढता सगळ्या वाडीच्या नकला टिकलीला ऐकवायची.

आयच्या बाराव्याला रूपालीमावशी आली होती. मावशी हिरकणीवाडीची, रायगडाच्या पायथ्याशी. तिथं रोपवेच्या वाटेवर तिचं पिठलं-भाकरीचं आणि ताकाचं दुकान. नवरा नाही, पोर नाही, पण आवाज असा की पाहुणा गाडीतनं उतरायच्या आधीच ताक प्यायला तयार. तिनं ऋतिकाच्या दंडावरचे वळ बघितले आणि सरळ गावकीपुढं जाऊन उभी राहिली.

"पोर माझ्याकडं द्या."

गावकीतली जाणती माणसं चुळबुळली. एकानं टोपी काढून परत घातली. भागोजीआजा सगळ्यांत मोठा, पालखीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तो म्हणाला, "बाय, पोर बापाची. बापाचा व्हय असंल तर आत्ता ने. बापाचा व्हय नसंल तर गावकी काय करणार? घरातला मामला हाय."

बाप म्हणाला, "नाय."

झालं. मावशी रडत उतरली. नंतर दोनदा येऊन गेली, दोन्हीदा दारातनंच परत. जाताना ऋतिकाच्या कानाशी बोलली, "तुझ्या बापाच्या तोंडातनं एक व्हय काढ गो. बाकी मी बघते."

एक व्हय. मालोजीच्या तोंडातनं. त्यापेक्षा टिकलीच्या तोंडातनं पाढे काढणं सोपं.

तर ह्या वर्षीचा शिमगा. पालखी खालच्या अंगाच्या घरांत फिरत होती आणि ऋतिका पोराटोरांच्या घोळक्यात मागनं चालली होती. खालू बाजा वाजत होता, सनईवाल्याचे गाल फुग्यासारखे झाले होते. साहिलच्या दारात पालखी थांबली. साहिल नुकताच लग्न झालेला, बायको भरल्या पोटाची, आणि गोठ्यातली म्हैसही गाभण. भागोजीआजा पुढं झाला. सकाळपासनं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता आणि डोकंही उन्हानं तापलं होतं. त्यानं हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा भैरीम्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली.

"ह्या साहिलच्या घरात तुझं पाऊल लागलं, त्याला बरकत दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या म्हशीला पोरगा होऊ दे आणि बायकोला दोन्ही येळा भरपूर दूध येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ऋतिकानं झटक्यात मान वळवली. कुणीच हसलं नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! साहिल पुढच्या दांड्याला खांदा लावून, डोळे मिटून उभा. त्याची बायको पदर सावरत पाया पडतेय. आणि सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा" कुणाचा? पालखीच्या पुढच्या दांड्याखाली उभ्या असलेल्या मालोजीचा. मानेच्या शिरा ताणून, घाम गाळत, म्हशीला पोरगा होऊ दे म्हणून ओरडला होता तिचा बाप.

ऋतिका घोळक्यातनं बाजूला झाली. ती तिथंच एका दगडावर बसली. पालखी पुढं गेली तरी बसून राहिली.

तिच्या लक्षात आलं ते असं. ही माणसं शब्द ऐकत नाहीत, चाल ऐकतात. आवाज "रे म्हाराजा"वर खाली आला की ह्यांची तोंडं आपोआप उघडतात. आजवर शेळ्या राखताना ती पोरांना खेळवायची, "बा म्हाराजा, ह्या बारक्याच्या चड्डीत मुंगी जाऊ दे रे म्हाराजा!" आणि पोरं गडागडा लोळत "व्हय म्हाराजा!" म्हणायची. चाल तिला अशी येत होती की भागोजीआजा परसाकडला गेला असता तर कुणाला फरक कळला नसता.

अडचण एकच. तिला बोलायला कोण देणार? गाऱ्हाणं घालायचं भागोजीआजानं.

दुसऱ्या दिवशी ऊन मरणाचं होतं. दुपारी पालखी चंद्राआजीच्या अंगणात विसावली, आणि भागोजीआजा खांबाला टेकून म्हणाला, "पोरी, वाईच गरम पाणी आण गो. हळद टाकून. घसा पार गेला."

ऋतिका आत गेली. चुलीवर पाणी होतं. पण शिमग्याला आलेल्या मुंबईकर हृतिकच्या घरी फ्रिज होता, आणि फ्रिजात कोकम सरबत. ती पळत गेली आणि पेलाभर घेऊन आली, वर बर्फाचे खडे तरंगतायत.

"आजा, गरम पाणी उकळतंय अजून. तोवर हे घे."

भागोजीआजानं पेल्याकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि गटागटा प्याला. "आणखी हाय?"

"हाय की!"

भैरीदेवा, माफ कर, ती मनात म्हणाली आणि दुसरा पेला आणायला पळाली.

शेवटच्या दिवशी भागोजीआजाच्या घशातनं नुसती हवा येत होती. सकाळी पहिल्याच घरी गावकी जमून विचार करायला लागली. दुसऱ्या कुणी गाऱ्हाणं घालायचं तर मानाचा प्रश्न. भागोजीआजानं हातवाऱ्यांनी आणि फुसफुसत सांगितलं, "मी कानात सांगतो. ज्याचं घर, त्याच्या माणसानं मोठ्यानं बोलायचं." तसं ठरलं. घरधनी स्वतः बोलायचा नाही, कारण ज्याच्या दारात पालखी त्याचा खांदा पुढच्या दांड्याला लागायचा, हाही नेमच. मग कुठं भाऊ बोलला, कुठं चुलता, एका ठिकाणी तर मुंबईहून आलेला जावई बोलला आणि "बरकत"च्या जागी "प्रमोशन" म्हणाला. तरी सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

ऋतिका प्रत्येक दारात उभी राहून ओठ हलवत होती. आणि मोजत होती. वरच्या अंगाला चार घरं राहिली. मग तीन. त्यांचं घर वाडीत सगळ्यांत वर, सगळ्यांत शेवटी. तिथनं पालखी सरळ देवळात जाणार. पालखी देवळात गेली की नेम सुटला. नेम सुटला की बाप परत पोलादपूरच्या गुत्त्यावर. काल रात्रीच जेवताना तो ताटाकडं बघत पुटपुटला होता, "उद्या सुटलो एकदा." आणि हाताची बोटं अशी मिटून उघडली होती, की ऋतिकानं हातातला घास परत ठेवला.

तिनं अंगण सारवून ठेवलं होतं. रांगोळी काढली. आयची हिरवी साडी घडी घालून चौरंगावर पसरली, वर ओटीचे तांदूळ आणि नारळ. चंद्राआजी मदतीला आली होती. तिनं साडी बघितली आणि नाक ओढलं. "अनूची ना गो?"

"हां."

"देवाला देतेस?"

"नुसती मांडली हाय. देत नाय. मी नेणार हाय."

"कुठं नेणार?"

ऋतिका चौरंगावरचा नारळ सरळ करायला लागली. चंद्राआजीच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती, कुडाची. ह्या बाजूला तांब्या पडला तरी त्या बाजूला कळायचं. इतकी वर्षं आजीला सगळं कळत होतं. सकाळी ती गपचूप हळद-तेलाची वाटी दारात ठेवून जायची, पण तोंडातनं शब्द नाही. ऋतिकाला तिचा राग यायचा आणि वाटीही लागायची.

बाजा वर चढू लागला. आधी ढोल, मग धूळ, मग माणसं. पालखी अंगणात आली आणि मालोजी नाचला. असा नाचला! गुडघे वाकवून, दांडा एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर फेकत. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. ऋतिका बघत राहिली. तिला क्षणभर वाटलं, ह्या माणसाला वर्षभर पालखीखालीच ठेवता आलं असतं तर! सोडायचाच नाही. जेवायलासुद्धा तिथंच.

पालखी थांबली. हृतिकनं मोबाइल काठीला लावून वर केला. "मुंबईच्या मंडळाचं लाइव्ह चालू हाय हां! शेवटचं घर!" मुंबईला ज्यांना सुट्टी मिळाली नाही ते सगळे कामावर बसल्या बसल्या बघत होते.

भागोजीआजानं आजूबाजूला बघितलं आणि फुसफुसला, "घरचं कोण बोलणार?"

मालोजीला भाऊ नाही. चुलते कधीच गेलेले. दांड्याखालनंच तो म्हणाला, "घरचं कोण असणार? ही काय, पोर हाय. बोलू दे तिला. उरका."

स्वतःच म्हणाला. पुढं जन्मभर ऋतिका हे सांगायची, की मी मागितलं नाय हां, त्यानंच दिलंन.

ती पुढं झाली. हात जोडले. भागोजीआजा वाकून तिच्या कानाशी आला. त्याच्या सदऱ्यावर अजून कोकमाचा डाग होता.

"बा भैरीम्हाराजा!" तिनं आवाज टाकला. आवाज तिचा नव्हताच. भागोजीआजाचा होता, चांगल्या घशाच्या दिवसांतला. दोन म्हातारे तर चमकून भागोजीआजाच्या तोंडाकडं बघायला लागले.

"व्हय म्हाराजा!"

"आज तू मालोजीच्या दारात आलास, त्याचं साल भरून पावलं रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भागोजीआजा कानात पुढचं फुसफुसत होता, भात पिकू दे, रोगराई जाऊ दे. ऋतिकाला ते ऐकू येत नव्हतं. ती मनात पुढची ओळ चालीत बसवत होती.

"ह्या घरची अनुपमा तुझ्या पायाशी आली, तिला सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायांनी डोळ्यांना पदर लावले. चांगलं बोलते पोर, असं कुणीतरी म्हणालं.

"तिच्या मागं तिची पोर एकटी पडली, तिला मायेचं माणूस दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता. चाल सोडायची नाही. श्वास घ्यायचा तो पण चालीत.

"तिला तिच्या मावशीच्या घरी हिरकणीवाडीला आजच्या आज पोचव, तिच्या बापाचा त्याला व्हय हाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि सगळ्यांत मोठा, मानेच्या शिरा ताणून, दांड्याखालनं: "व्हय म्हाराजा!"

भागोजीआजाचं फुसफुसणं थांबलं. त्यानं मान मागं घेऊन ऋतिकाकडं बघितलं. ढोलवाल्याची काठी अर्ध्यात राहिली. पण ऋतिकाला आता थांबता येत नव्हतं. ठरवलेलं इथंच संपत होतं, तरी तोंड पुढं चाललं होतं, आणि आवाज हळूहळू भागोजीआजाचा राहिला नव्हता, तिचा झाला होता, बारीक आणि चिरका.

"ती पोर रोज मार खाते, हे तुला ठाव हाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." चारपाच जण. मागची. ज्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

"अख्ख्या वाडीला ठाव हाय रे म्हाराजा!"

कुणीच नाही. वाऱ्यानं चौरंगावरची साडी फडफडली. गोठ्यात टिकली एकदा ओरडली, तेवढंच.

मग मागनं एक कापरा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

चंद्राआजी. हात जोडलेले, नाकातनं पाणी. "व्हय म्हाराजा," तिनं परत म्हटलं, आता मोठ्यानं. मग तिच्या शेजारची बाई. मग साहिलची बायको, पोटावर हात ठेवून. मग बाप्ये, खाली माना घालून, एक एक.

मालोजीला आता कळलं. तोंड आधी पांढरं पडलं, मग काळं. हात उठला असता, पण हात दांड्याला होता आणि पालखी खांद्यावर असताना दांडा सोडायचा नसतो. तो तसाच उभा. मागचे तिघं पुढं ढकलायला लागले, पालखी हलेना.

"जड झाली! पालखी जड झाली!" कुणीतरी ओरडलं. "देव हलत नाय!" बाया खाली वाकल्या. मुंबईकरांनीसुद्धा टोप्या काढल्या.

ऋतिकाला मात्र दिसत होतं. देव बीव काही नव्हतं. बापाचाच पाय उचलत नव्हता.

"फसवलंन मला कारटीनं!" मालोजी ओरडला. "मी नेमाचं बोललो! सगळे बोलतात तसा!"

भागोजीआजानं घसा खाकरला. निघाला तेवढा आवाज काढला. "मालोजी, देवाच्या म्होरं नेमाचा व्हय एक न खरा व्हय एक, असं असतं काय रे? असं असंल तर मग आमची सगळ्यांची गाऱ्हाणी फुकट गेली."

"काका," हृतिक काठी धरून म्हणाला, "मंडळाचे सगळे लाइव्हवर हायत. खाली सगळ्यांनी व्हय म्हाराजा टाकलंय. हात जोडलेले, शंभरावर."

"बंद कर ते!"

"देवाचं हाय काका. मधीच कसा बंद करू?"

मालोजीनं इकडं तिकडं बघितलं. रोज ज्यांच्यासोबत बसायचा ते दोघंतिघं पण दुसरीकडं बघत होते. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि मला भाकरी कोण घालंल?"

"एवढा हात चालतो तुझा," चंद्राआजी म्हणाली, "झकास थापशील भाकऱ्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. हसू अंगणभर पसरलं, आणि त्यात चिडायलाही जागा राहिली नाही. मालोजीनं दांडा नीट खांद्यावर घेतला, एक पाय उचलला, आणि पालखी हलली. "हलकी झाली!" सगळे ओरडले. बाजा सुरू झाला. जाताना तो ऋतिकाच्या अगदी जवळनं गेला. तिनं डोळे मिटले नाहीत. तो तिच्याकडं बघत नव्हता, चौरंगावरच्या हिरव्या साडीकडं बघत होता.

पालखी देवळाकडं उतरली तशी भागोजीआजानं वाडीतल्या रितेशची मिनिडोर रिक्षा थांबवून ठेवली. ऋतिकानं पिशवीत दोन ड्रेस, कंगवा आणि आयची साडी कोंबली. टिकलीच्या गळ्यात हात घालून बराच वेळ बसली. शेळी घरची, न्यायची तर आणखी एक गाऱ्हाणं घालावं लागलं असतं, आणि एका दिवसात देवाला तरी किती छळायचं! चंद्राआजी पोचवायला सोबत चढली, तपकिरीची डबी कमरेला खोचून.

मिनिडोर सुरू झाली तसा भागोजीआजा खिडकीशी आला. "सरबत," तो फुसफुसला. "तूच बर्फ घातलंवतंस ना गो?"

"आजा, ऊन किती व्हतं!"

"दोन पेले दिलंस."

"तूच मागितलंस दुसरा!"

भागोजीआजानं तिच्या डोक्यावर टपली मारली. हात वर जाताना तिची मान आपसूक आत गेली होती. ते त्याच्या नजरेतनं सुटलं नाही. त्यानं हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला, गाडी निघेपर्यंत.

रूपालीमावशीनं तिला बघितलं आणि पिठल्याचं पातेलं तसंच चुलीवर सोडून धावली. पातेल्यातलं पिठलं करपलं आणि एका पुण्याच्या कुटुंबाला तसंच वाढलं गेलं. "गावरान चव आहे," ते म्हणाले आणि आणखी मागितलं.

मावशीच्या दोन अटी. पहिली, जूनला पाचाडच्या शाळेत नाव. "मला आवडत नाय शाळा," ऋतिका म्हणाली, पण आता स्वतःच्या आवाजात, आणि तिलाच ते खरं वाटलं नाही. दुसरी अट, तोवर दुकानात बसायचं तर ओरडायचं. गप बसून ताक खपत नाही.

ओरडायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस आली. घामाघूम पाहुणे उतरले. ऋतिका बाकड्यावर चढली आणि हात जोडून आवाज टाकला, "बा रायगडाच्या पाहुण्या! गड चढायच्या आधी तुझ्या पोटात गार ताक पडू दे रे म्हाराजा!"

शेजारच्या दुकानातली बाई लिंबं कापत होती. तिच्या तोंडातनं आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!" पलीकडच्या वाटाड्यानं विडी काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" पाहुणे हसायला लागले. मडकं दुपारच्या आत रिकामं झालं.

पण रात्री तिला झोप लागायची नाही. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की ती उठून बसायची. मावशी नुसती अंगावर पाय टाकायची, जड, पोत्यासारखा. त्या वजनाखाली मग झोप यायची.

आठवड्यानं मावशीच्या मोबाइलवर वाडीतनं हृतिकचा फोन आला. त्यानं तो भागोजीआजाच्या हातात दिला. घसा सुटला होता. सुटल्यामुळं एवढा मोठा आवाज की दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जात होता.

"तुझा बापूस नेम सुटल्या सुटल्या प्याला गो. दारात बसून रडला, मग आम्हाला सगळ्यांना शिव्या घातल्यान, मग झोपला. काल परत प्याला. आज नाय. उद्याचं ठाव नाय."

ऋतिका ऐकत होती. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. "टिकली?" तिनं विचारलं.

"तेच सांगतोय! सकाळी ती ओरडायला लागली, सड भरलेले. चंद्राबाईचे गुडघे आखडलेले, तिला बसायला जमंना. तर मालोजी स्वतः गेला चरवी घेऊन. बसला. आणि अशी लाथ घातलीन शेळीनं! चरवी इकडं, बापूस तिकडं! कपाळाला टेंगूळ! लेंड्यांत बसलेला मालोजी बघायला सगळी वाडी जमली गो!"

ऋतिका हसायला लागली. पोट धरून. बाकड्यावर बसली आणि तिथनं घसरून खाली. मावशीनं तोंडात पदर कोंबला, खांदे गदगद हलायला लागले, आणि ऋतिकाचं हसू एकदम थांबलं. मावशी पदर तोंडात धरून हसताना अगदी तशीच दिसत होती. ऋतिकानं डोळे पुसले.

"आजा," ती फोनमध्ये म्हणाली. "बाबाला सांग. तो उजवीकडनं बसला असणार. तिला डावीकडनं बसायचं. आधी पाठीवरनं हात फिरवायचा, मग बसायचं. आणि हळू. हिसकलं की ती दूध चोरते."

"बरं. सांगतो. आणखी काय?"

ऋतिकानं विचार केला. रोपवेच्या वाटेनं पाहुण्यांचा एक घोळका येत होता, पोरं पुढं पळत होती.

"आणि मारायचं नाय म्हणावं तिला. एकदा मारलं की ती परत जवळ येऊ देत नाय."

फोन मावशीच्या हातात देऊन ती बाकड्यावर चढली.